रुळांकाठचा पालक, नाशिकची जुडी की घरची कुंडी?

जुडी घेताना आपण पानं बघतो. शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू पानांवर दिसत नाहीत. उलट नाल्याच्या पाण्यावरचा पालक जास्तच तरारतो, कारण सांडपाण्यात नत्र भरपूर असतं.

मुंबईत रुळांकाठी पिकणारा पालक, माठ ताजेपणात कुणाला हार जात नाही. पण पाणी बहुधा शेजारच्या नाल्याचं, आणि नाल्यात घरांच्या सांडपाण्यासोबत कारखान्यांचंही पाणी मिसळू शकतं. शिसं बरंचसं धुळीतून पानावर बसतं, तीन-चार पाण्यांत धुतलं की पुष्कळ कमी होतं. कॅडमियमचं तसं नाही. ते मुळांतून चढून पानात मुरतं. मिठाचं पाणी, उकळणं, फारसं उपयोगाचं नाही. पालेभाजीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम नको, असं कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. एकदा मूत्रपिंडात साठलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षं लागतात. म्हणून घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर ही जुडी मी घेऊ नका असंच सांगेन. पिकवणाऱ्यावर राग नको. त्याच्याकडे दुसरं पाणी नसतं.

नाशिककडून वाशीच्या घाऊक बाजारामार्गे येणारी जुडी एखादा दिवस शिळी, कडेला मलूल. तरी मला ती बरी वाटते. तिकडची काळी जमीन बहुधा चुनखडीयुक्त, अल्कधर्मी असते आणि अशा मातीतून कॅडमियम मुळांना कमी मिळतं. अट एकच, पाणी विहिरीचं किंवा कालव्याचं हवं. शहरातून वाहून आलेल्या नदीचं असेल तर फरक उरला नाही. ‘सेंद्रिय’ लेबलवर विसंबू नका: ते खत आणि फवारणीबद्दल बोलतं, जमिनीत आधीच मुरलेल्या धातूंबद्दल नाही.

कुंडीतली मेथी सगळ्यात खात्रीची, पण निघते आठवड्याला एक वाटीभरच. जुन्या इमारतीत खिडकीचा रंग पोपडे धरून पडत असेल, तर कुंडी तिथून हलवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पालेभाजी बंद मात्र करू नका. तिच्यातून लोह मिळतं, आणि अंगात लोह कमी असलं की शरीर हेच धातू जास्त शोषतं. भाजीवाल्या मावशींना विचारा, “कुठल्या पाण्यावरची?” उत्तर मिळालं नाही, तर त्या दिवशी दुधी, पडवळ किंवा गवार घ्या, फळभाज्यांत आणि शेंगांत हे धातू पानांपेक्षा कमी उतरतात.