पॅलेस्टाईनच्या डॉक्युमेंटरीच्या नावाने १,८६,००० रुपये गेले, पैसे देण्याआधी वाचा

आधी आकडे सांगते. माझे स्वतःचे ६८,५०० आणि माझ्या शब्दावर आमच्या फिल्म क्लबमधल्या लोकांनी दिलेले १,१७,५००. एकूण १,८६,००० रुपये, सगळे यूपीआयने, एकाच माणसाच्या सेव्हिंग अकाउंटला.

माणूस मराठीच, पुण्याचा म्हणवणारा, बोलणं एकदम मऊ, वाक्यागणिक "ताई". १९४८ ला घरंदारं सोडून निघालेल्या पॅलेस्टिनी लोकांच्या आठवणींवर डॉक्युमेंटरी करतोय म्हणाला. आणि विषय त्याला येत होता हो, म्हणून तर आमच्यासारखे लोक फसले. नकबा म्हणजे काय (१९४८ च्या त्या उद्ध्वस्त होण्याला पॅलेस्टिनी लोक हेच नाव देतात), सात लाखांवर माणसं कशी बेघर झाली, चारशेच्या वर गावं कशी ओस पडली, जेरुसलेमच्या वेशीवरच्या लिफ्ता गावात दगडी घरं अजून उभी आहेत पण घरवाल्यांना परत राहायला जाता येत नाही, लोकांनी कुलपं गेली तरी किल्ल्या जपून ठेवल्यात, सगळं घडाघडा सांगायचा. १९८२ ला इस्रायलने बैरुतला वेढा घातला त्या धामधुमीत पॅलेस्टिनी सिनेमाचं आर्काइव्ह गायब झालं हेही त्यानेच सांगितलं, मी तपासलं, खरं निघालं. "ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ते आता ऐंशीच्या पुढे आहेत ताई, अजून थांबलो तर विचारायला कोणी उरणार नाही." यावर नाही कसं म्हणायचं?

माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजी शेवटपर्यंत तिकडच्या वाटा, विहिरी, कोणाचं घर कुठे ते सांगायची आणि आम्ही कोणी एक शब्द रेकॉर्ड केला नाही. हे मी त्याला पहिल्याच फोनवर बोलून गेले आणि पुढच्या प्रत्येक फोनला तो आजीपासूनच सुरुवात करायचा. पैसे मागणाऱ्याला घरचं काही सांगू नका, एक शब्द सांगू नका.

आधी ५,००० दिले, क्रेडिट्समध्ये नाव येणार म्हणून. मग २५,००० दिले "असोसिएट प्रोड्यूसर" म्हणून. कंपनीचं करंट अकाउंट का नाही विचारलं तर म्हणाला पॅलेस्टाईन नाव दिसलं की परदेशी साइट्स पैसे अडकवतात. आता पेपॅल वेस्ट बँक आणि गाझातल्या पॅलेस्टिनींना सेवा देत नाही ही कितीतरी वर्षांची तक्रार आहे, ती मला माहीत होती, त्यामुळे पटलं. खोटं अशा खऱ्या गोष्टीला टेकवून उभं केलं की शिकलेली माणसंही गप्प बसतात. ॲमस्टरडॅमच्या एका मोठ्या फेस्टिव्हलच्या फंडाचं पत्रही दाखवलं, लेटरहेड वगैरे सगळं. असे फंड निवडलेल्या फिल्म्सची यादी स्वतःच्या वेबसाइटवर टाकतात, तिथे नाव शोधा, पीडीएफ कोणीही बनवतं.

आणि आता तो व्हॉइस नोट. झोप लागत नाही मला तो आठवला की. "ताई, बेथलेहेमला आयदा कॅम्पचं शूट संपवून सकाळी गाडीने निघालो, आत्ता बैरुतला पोचलो, शातिलात आहे." आयदा आणि शातिला दोन्ही पॅलेस्टिनी निर्वासितांचे कॅम्प, आयदा वेस्ट बँकमधला, शातिला लेबनॉनच्या बैरुतमधला. सोबत आयदाच्या गेटवरच्या त्या भल्यामोठ्या किल्लीचा फोटो. बेथलेहेमहून गाडीने बैरुत! इस्रायल आणि लेबनॉनची बॉर्डर बंद आहे, तिथून सामान्य माणूस पलीकडे जाऊच शकत नाही. वेस्ट बँकमधून जायचं तर ॲलेनबी पुलावरून जॉर्डनमध्ये, मग अम्मानहून विमान. शिवाय इस्रायलला जाऊन आल्याचा पुरावा सापडला तर लेबनॉन आत घेत नाही. हे सगळं मला माहीत होतं, नकाशा माझ्याच भिंतीवर आहे, आणि मी त्याला लिहिलं काय तर "काळजी घे, जेवून घे". पण तुम्हीच सांगा, मागे वाऱ्याचा आवाज, माणसाला धाप लागलेली, अशा वेळी कोण भिंतीकडे बघतं? मी अडाणी नाही. कोणीही असंच केलं असतं.

त्यानंतर ३८,५०० गेले. फुटेजच्या हार्डडिस्क मुंबई एअरपोर्टला कस्टम्सने धरल्या, ड्युटी भरली नाही तर जप्त होतील म्हणे. कस्टम्सची ड्युटी सरकारच्या खात्यात भरतात, कोणाच्या खासगी यूपीआयवर नाही.

उघड कसं झालं तर आमच्या कॉलनीतल्या काकांमुळे, मूळचे रत्नागिरीकडचे, सगळी नोकरी कुवेतला झाली, त्यामुळे अरबी कळतं. क्लबमध्ये टीझर लावला. पडद्यावर एक म्हातारी, हातात किल्ली नाहीच, पदराने डोळे पुसल्यासारखं करते आणि खाली मराठी सबटायटल, "आम्ही चूल पेटती सोडून निघालो". लोक रडत होते. काका म्हणाले, परत लाव. परत ऐकून म्हणाले ही बाई यंदा ऑलिव्ह कमी लागले, तेलाला भाव नाही, एवढंच बोलतेय. कोणाचा तरी व्हिडिओ उचलून खाली स्वतःची वाक्यं चिकटवलेली. अनोळखी भाषेतला टीझर असेल तर ती भाषा येणाऱ्याला ऐकवा, पैसे देण्याच्या आधी.

मग पुढचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, त्या खात्यावर २,३१७ रुपये होल्ड झाले. ते सुटायला कोर्टाचा आदेश आणा असं मला सांगितलं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. पोलीस स्टेशनला गेले तर "मॅडम, देणगी स्वतःच्या हाताने दिलीत ना, मग फसवणूक कुठली?" मी म्हटलं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ वाचा, खोटं सांगून पैसे काढून घेणं म्हणजेच फसवणूक. तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणतात आयटी ॲक्टचा तपास पीआय साहेबच करणार आणि साहेब बंदोबस्ताला. आणि सगळ्यात संताप कशाचा तर एकाने मलाच विचारलं, पॅलेस्टाईनला पैसे का पाठवले, कोणाच्या सांगण्यावरून, तुमचा तिकडे काय संबंध? अहो पैसे पुण्याच्या खात्यात गेलेत! १९८८ ला आपल्याच सरकारने पॅलेस्टाईनला मान्यता दिली आहे, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींची फिल्म बघायची इच्छा असणं हा गुन्हा आहे का? चोर मोकळा आणि जबाब माझा. एफआयआर अजून नाही, नुसता अर्ज "चौकशीवर" आहे.

क्लबमधल्या एका रिटायर्ड शिक्षिकेने पेन्शनमधून २१,००० दिले होते, ते मी हप्त्याने परत करतेय, बाकीच्यांचेही करणार. पण परवा एका खऱ्या मुलीचा मेल आला, लेबनॉनमधल्या कॅम्पवर फिल्म करतेय, कंपनी रजिस्टर्ड, बजेट ओळन्‌ओळ लिहिलेलं, शूटची परवानगीसुद्धा जोडलेली. क्लबमध्ये एकानेही हात वर केला नाही. त्या हरामखोराने आमचे पैसे नेले तसे हिचेही नेले.

नाशिकच्या एका ग्रुपकडे हीच फाइल, हाच टीझर गेलाय, फक्त दिग्दर्शकाचं नाव वेगळं आहे. त्यांच्याकडूनही हार्डडिस्कचे पैसे मागितलेत. तुमच्याकडे आला असेल तर चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा असतो तो) आणि स्टेटमेंटच्या प्रिंट काढून ठेवा आणि मला कळवा. सगळ्यांच्या तक्रारी एकत्र करून थेट एसपी ऑफिसला द्यायच्या आहेत.