तारणाची खात्री : म्हापशातला आठ आठवड्यांचा मराठी अभ्यासवर्ग

आपलं तारण, म्हणजे ख्रिस्ताने पापातून केलेली सुटका, झालं आहे हे आजच कळू शकतं का? नव्याने विश्वासात आलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न लवकरच उभा राहतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला ‘शंका घेऊ नकोस, प्रार्थना कर’ एवढं सांगून घरी पाठवतात. गोव्यात म्हापशातल्या एका लहान प्रोटेस्टंट मंडळीचा (चर्चचा) हा वर्ग त्या प्रश्नाला पूर्ण आठ बैठका देतो.

बैठक शनिवारी संध्याकाळी, दोन तासांची. फी नाही, फक्त वहीचे १२० रुपये. गटात आठच्या वर माणसं घेत नाहीत, आणि तो नियम त्यांनी कधीही सोडू नये. वाचन मराठीतून आणि बोलणं कोंकणीतून चालतं. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे घरात कोंकणी आणि हातात मराठी पेपर ही रीतच आहे, त्यामुळे हे कुणाला अवघड जात नाही. बायबल सोसायटीचं मराठी पवित्र शास्त्र सोबत न्यावं. वहीतली वचनं त्याच भाषांतरातली आहेत.

पहिल्या बैठकीत बायबलमधलं १ योहान हे पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात. पाचच अध्याय, वीसेक मिनिटांत होतात. खात्रीसाठी एरवी ५:१३ (पाचव्या अध्यायातलं तेरावं) एवढंच वचन दाखवलं जातं: विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन लाभलं आहे हे कळावं म्हणून हे लिहिलं. पण ‘हे’ म्हणजे आधीचं सगळं पत्र. त्यात येशूला ख्रिस्त म्हणून कबूल करणं, त्याच्या आज्ञा पाळणं आणि भावाबहिणींवर प्रीती करणं या तीन गोष्टी फिरून फिरून येतात. वचन सुटं काढलं की त्या गळून पडतात. उलट नुसत्या त्याच धरून बसलं की माणूस स्वतःला मार्क देऊ लागतो आणि दर वेळी नापास होतो. म्हणून शिकवणारे १:८-९ वर बराच वेळ थांबतात. मला पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो, कबूल करणाऱ्याला क्षमा मिळते. योहान ज्यांना लिहितो ती पाप करणारीच माणसं आहेत, फक्त ते झाकून न ठेवणारी. मग ३:२०: आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा मोठा आहे. या एका बैठकीसाठीसुद्धा आठ शनिवार काढावेत अशी ती आहे.

वहीतलं सगळ्यात उपयोगी पान तिसऱ्या आठवड्याचं. त्यावर तीन रकाने आहेत: ‘वचन काय सांगतं’, ‘मला आज काय वाटतं’, ‘आता काय करायचं’. पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिल्यात योहान १०:२८-२९, रोमकरांस ८:३१-३९ आणि फिलिप्पैकरांस १:६ यांतून देवाने काय केलं आणि काय करीन म्हटलं तेवढंच उतरवायचं. प्रत्येक वाक्याचा कर्ता देव किंवा ख्रिस्त असायला हवा. आठवडाभर रोज हे केलं की मधला रकाना रोज बदललेला दिसतो, पहिला तसाच असतो. चूक होते ती पहिल्याच रकान्यात. लोक तिथे ‘मी मनापासून विश्वास ठेवतो’ असं लिहितात आणि सगळा अभ्यास उलटा फिरतो: माणूस आपला विश्वास किती घट्ट आहे ते चाचपत बसतो, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो ख्रिस्त बाजूला राहतो. वह्या दर शनिवारी तपासल्या तरच हे पकडता येतं. तपासून घ्या, आग्रह धरा.

एक गोष्ट मात्र सरळ काढून टाकावी. दुसऱ्या बैठकीत ‘निर्णयकार्ड’ देतात. त्यावर प्रार्थना केल्याची तारीख घालून सही करायची आणि शंका आली की ते बघायचं. हेतू चांगला असेल, पण नव्या करारात खात्रीसाठी कुणालाही तारखेकडे पाठवलेलं नाही. २ करिंथकरांस १३:५ मध्ये पौल आज तुम्ही विश्वासात आहात की नाही ते पाहा म्हणतो. विश्वासी घरात लहानाचं मोठं झालेल्याला तारीख सांगता येत नाही आणि तो विनाकारण घाबरतो. कित्येक वर्षं मंडळीकडे न फिरकलेला दुसरा तेच कार्ड काढून निश्चिंत होतो.

गोव्यात हा विषय शिकवताना कॅथलिक शिकवण टाळता येत नाही. त्यावरचं वहीतलं पान कच्चं आहे. ‘कॅथलिक कृत्यांनी तारण मानतात’ असं एका ओळीत उरकलंय. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी जो निर्णय दिला त्यातला पहिलाच नियम, कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याचा निषेध करतो. खरा फरक त्याच निर्णयाच्या नवव्या अध्यायात आहे: आपल्याला देवाची कृपा मिळाली आहे हे, ज्यात चूक संभवतच नाही अशा विश्वासाच्या खात्रीने कुणालाही कळू शकत नाही. गंभीर पापाने कृपा जाते आणि पापकबुलीच्या संस्काराने ती परत मिळते, ही शिकवण याच्याच जोडीची. प्रोटेस्टंटांमध्येही एकमत नाही. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं वेस्टमिन्स्टरचं विश्वासपत्र १८व्या अध्यायात म्हणतं की अशी खात्री मिळू शकते, पण खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिची बराच काळ वाट पाहावी लागू शकते आणि मिळालेली खात्रीही डळमळू शकते. मेथडिस्ट आणि अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्या इब्री ६:४-६ पुढे ठेवून विश्वासापासून ढळता येतं असं सांगतात. एवढं एका पानात सहज बसलं असतं. इथे शेजारी, सहकारी, वर्गमैत्रीण कॅथलिक असते. तिच्या श्रद्धेबद्दल चुकीचं शिकून गेलेला विद्यार्थी पहिल्याच बोलण्यात तोंडघशी पडतो, आणि ते तिच्यावरही अन्यायाचं आहे.

सहावी बैठक घरच्यांबद्दल आहे, आणि ती फार समजुतीने घेतात. हिंदू घरातून आलेल्या माणसाला चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की धडकी भरते: घरी आरतीला उभा राहिलो तर तारण जाईल का? वर्ग दोन गोष्टी वेगळ्या करतो. देवाने धरून ठेवणं आपल्या एका दिवसाच्या धैर्यावर टांगलेलं नाही. पण जाणूनबुजून केलेल्या तडजोडीने मन मलूल होतं आणि प्रार्थना सुकते. मग ठोस सल्ला. चवथीला मूळ घरी जायचंच. वडीलधाऱ्यांशी बोलणं आठ-पंधरा दिवस आधी, एकांतात आणि आदराने करायचं, ऐन माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) वाद घालायचा नाही. नेवऱ्या (करंज्या) लाटायला, तळायला, पाहुण्यांना वाढायला सगळ्यांत पुढे राहायचं. नैवेद्याचं काय, हा प्रश्न १ करिंथकरांस ८ ते १० सलग वाचून सोडवतात. १०:२७ एकटं किंवा १०:२१ एकटं वाचलं तर दोन टोकांची उत्तरं निघतात.

वाढीची बैठक सातवी. २ पेत्र १:५-७ मध्ये विश्वासात सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि प्रीती यांची भर घालायला सांगितलं आहे. सात गुणांतून महिन्याला एकच निवडायचा आणि तो एका माणसाशी जोडायचा: धीर, पण कुणाशी? सासूशी की दुकानातल्या भागीदाराशी? रोज पंधरा मिनिटं वाचन-प्रार्थना. तासाभराचा बेत ठरवणारे दुसऱ्याच आठवड्यात गळतात. पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई सोबती असते; आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटून काय वाचलं, कुठे घसरलो, कुणाची क्षमा मागायची राहिली एवढंच विचारायचं. वाढ स्वतःला फारशी दिसत नाही, सोबत्याला दिसते.

पाचवी आणि आठवी बैठक ठीक. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, मंडळीत सामील होणं, एवढंच.

आठव्या शनिवारनंतर मात्र काहीच ठेवलेलं नाही, आणि सोबत्यांच्या भेटीही तिथेच थांबतात. जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी पाळकांना विचारून ठेवावं की पुढचे सहा महिने आपला सोबती कोण, आणि त्याचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा.