गरोदरपणातील भीतीसाठी एक प्रार्थना-वही: वापरानंतरचे परीक्षण

गरोदर स्त्रीच्या हाती दिले जाणारे ख्रिस्ती साहित्य बहुधा दोन प्रकारचे असते. एकात बाळाच्या पावलांची गोड चित्रे आणि आभाराची वचने असतात. दुसऱ्यात आहार-तपासण्यांची माहिती आणि प्रकरणाच्या शेवटी तोंडी लावण्यापुरती एक प्रार्थना. ज्या स्त्रीला मध्यरात्री जाग येते आणि ‘सगळे ठीक असेल ना?’ या एकाच प्रश्नाने उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, तिला यातले काहीच उपयोगी पडत नाही. मंडळीतील (चर्चमधील) काही भगिनींनी मिळून लिहिलेली, कोणत्याही प्रकाशनसंस्थेचे नाव नसलेली ही चाळीस आठवड्यांची प्रार्थना-वही मी माझ्या दुसऱ्या गरोदरपणात वापरली. ती नेमकी अशाच स्त्रीसाठी लिहिलेली आहे. तिच्यात उणिवा आहेत, त्यांपैकी एक तर गंभीर आहे. तरीही विश्वास आणि भीती एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात हे निःसंकोचपणे मान्य करणारे साहित्य म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

वहीची मांडणी साधी आहे. प्रत्येक आठवड्यासाठी समोरासमोरची दोन पाने दिली आहेत. डाव्या पानावर शास्त्रपाठ म्हणजे बायबलमधील उतारा, छोटे मनन आणि प्रार्थना. उजवे पान कोरे, आणि त्याच्या माथ्यावर फक्त एक प्रश्न: ‘या आठवड्यात मला कशाची भीती वाटते?’ मात्र सुरुवातीच्या सूचनांत असे स्पष्ट सांगितले आहे की आधी उजवे पान लिहावे आणि मगच डावे वाचावे. या उलट्या क्रमातच वहीचे सगळे मर्म आहे, असे मी म्हणेन. वचन आधी वाचले की आपल्या मनातील भीतीची लाज वाटू लागते, आणि मग देवासमोरसुद्धा आपण बरे दिसणारे तेवढेच बोलतो. भीती आधी कागदावर उतरली की प्रार्थनेला निश्चित विषय मिळतो: सोनोग्राफीचा अहवाल, मागच्या वेळचा रक्तस्राव, प्रसूतीच्या कळा, पतीची नोकरी, किंवा आपण चांगली आई होऊ की नाही ही शंका. ‘प्रभू, सर्व काही सांभाळ’ एवढ्यावर थांबणारी प्रार्थना मनाला फार काळ धरून ठेवत नाही, हे प्रार्थना करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

चिंतेविषयी लिहिताना फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहावे आणि सातवे वचन कोणालाच टाळता येत नाही, आणि या वहीनेही ते टाळलेले नाही. चिंता न करता आपल्या मागण्या आभारासह देवाला कळवाव्यात आणि मग बुद्धीच्या पलीकडची शांती अंतःकरणाचे रक्षण करील, असा त्यांचा आशय आहे. घाबरलेल्या स्त्रीला हे वचन ऐकवणारी माणसे बहुधा त्याचा पहिलाच भाग सांगतात आणि तोही दटावल्यासारखा. परिणामी आधीच्या भीतीवर ‘माझा विश्वासच कमी पडतो’ ही नवी भीती येऊन बसते. वहीतील मननात हे वचन लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी बंदिवासात होता याची आठवण करून दिली आहे आणि वचनाचा भर मागण्या कळवण्यावर आहे हे नीट उलगडून सांगितले आहे. एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता तेव्हाचे दुःख पौल लपवत नाही, आणि त्याला परत पाठवल्याने आपल्या मनावरचा भार हलका होईल असेही लिहून जातो. चिंता करू नका म्हणणाऱ्या माणसाचे मनही आपल्या माणसाच्या आजाराने व्याकूळ झाले होते, हे त्याच पानावर आले असते तर अनेक स्त्रियांना त्याचा मोठा आधार वाटला असता.

शास्त्रपाठांची निवड हा वहीचा सर्वांत समृद्ध भाग आहे. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील रिबका येथे भेटते; पोटातील जुळ्यांच्या झगड्याने हैराण होऊन ‘असे असेल तर मी जगू तरी कशाला’ अशा अर्थाचे उद्गार काढणारी आणि तसाच प्रश्न घेऊन परमेश्वराकडे जाणारी ही स्त्री गरोदरपणाच्या संदर्भात क्वचितच आठवली जाते. मुलासाठी मूकपणे प्रार्थना करणाऱ्या हन्नेच्या कथेत भर तिच्या मुलाच्या, शमुवेलाच्या, जन्मावर न देता, तिचे ओठ हलताना पाहून तिला मद्यपी समजणाऱ्या एली याजकावर दिला आहे. धार्मिक माणसांनाही समोरच्या स्त्रीची वेदना ओळखता येत नाही, असा तेथील सूर आहे आणि तो मला अगदी रास्त वाटला.

शेवटच्या आठवड्यांत, प्रसूतीची भीती शिगेला पोहोचते तेव्हा, येशूच्या अटकेपूर्वीच्या रात्रीचा गेथशेमाने बागेतील प्रसंग घेतला आहे. हा दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी विनंती येशूने केली, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा झाला, शिष्य झोपी गेले आणि प्याला काही टळला नाही. सुखरूप आणि वेदनारहित प्रसूतीचे वचन येथे कोणी देत नाही. दिलेला आधार एवढाच की भीतीने थरथरणे हे अविश्वासाचे लक्षण असते तर ते त्या बागेत दिसले नसते. याच संदर्भात वेदनाशामक उपायांची चर्चा येते. स्त्री वेदनेने मुलांना जन्म देईल असे सांगणाऱ्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा हवाला देऊन कळा सोसल्याच पाहिजेत असे म्हणणारे लोक आजही आढळतात. त्यांच्यासाठी वहीने जेम्स यंग सिम्प्सन या स्कॉटिश डॉक्टरांची आठवण करून दिली आहे. त्यांनी १८४७ साली प्रसूतीत क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला आणि धार्मिक आक्षेपांना शास्त्रातूनच उत्तर दिले: आदामाची फासळी काढताना देवाने आधी त्याला गाढ झोप आणली होती. पुढे १८५३ साली राणी व्हिक्टोरियानेही प्रसूतीत क्लोरोफॉर्म घेतला. प्रार्थनेच्या वहीत हा इतिहास अनपेक्षित आहे, पण तो वाचल्यावर भूल देण्याविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारण्याचा संकोच निश्चितच कमी होतो.

आता उणिवांकडे वळू. वही पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. परंतु गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत बहुधा गर्भधारणा झालेलीच नसते आणि बहुतेक स्त्रियांना बातमी कळते तोवर चार-पाच पाने मागे पडलेली असतात. ती कोरी पाने पाहून आपण सुरुवातीलाच मागे पडलो असे वाटते. बाळ सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मले तर उरलेल्या पानांचे काय करावे, याविषयीही कोठे शब्द नाही. आठवड्यांचे आकडे काढून पानांना केवळ विषयांची नावे दिली असती तर दोन्ही प्रश्न सुटले असते.

याहून गंभीर दोष अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या पानावर आहे. बाळाची हालचाल कमी जाणवली तर घाबरून न जाता शांत बसावे, स्तोत्र १३९ वाचावे आणि सकाळपर्यंत वाट पाहावी, असे तेथे लिहिले आहे. हे चूक आहे आणि धोक्याचे आहे. हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली किंवा थांबली असे वाटल्यास त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालयाशी संपर्क साधायचा असतो; स्तोत्र वाटेतही म्हणता येते. ही वही अनेक हातांनी लिहिली आहे आणि हे पान कोणत्याही डॉक्टर किंवा परिचारिकेच्या नजरेखालून गेले नसावे, असे स्पष्ट दिसते. वही कोणाला भेट देणार असाल तर आधी त्या पानावर ठळक दुरुस्ती करून मगच द्या.

हा दोष अधिक खटकतो, कारण शेवटी जोडलेली वैद्यकीय पाने उत्तम आहेत. त्यांत एडिंबरा प्रश्नावली दिली आहे. १९८७ साली प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी प्रसिद्ध झालेली ही दहा प्रश्नांची यादी आता गरोदरपणातही वापरली जाते; मागील सात दिवसांत आपल्याला कसे वाटले याची उत्तरे तिच्यात नोंदवायची असतात, आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. गुण म्हणजे निदान नव्हे, हे बजावून सांगितले आहे. स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या दहाव्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे असेही लिहिले आहे. चिंतेवर आधीपासून औषध चालू असलेल्या स्त्रीने प्रार्थनेच्या भरवशावर ते स्वतःहून बंद करू नये, ही सूचना तर चौकटीत छापली आहे. प्रसूतीच्या टोकाच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात आणि तिच्यावर समुपदेशनाने उपचार होऊ शकतो, हेही येथे कळते.

ज्यांनी पूर्वी मूल गमावले आहे त्यांच्यासाठी वेगळा विभाग आहे आणि तो मी सर्वांत अधिक वेळा उघडला. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमागे गुणसूत्रांतील दोष असतो; आईच्या रोजच्या काळजीने किंवा रडण्याने गर्भ पडत नाही, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शास्त्रपाठ म्हणून स्तोत्र ८८ निवडण्याचे धाडस लेखिकांनी केले आहे. इतर बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे मात्र अंधारातच थांबते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मननही तेथे पुढे काही जोडत नाही, हे फार बरे केले. याउलट वहीभर पसरलेल्या साक्षी, म्हणजे स्त्रियांनी सांगितलेले स्वतःचे अनुभव, एकसुरी आहेत. प्रत्येकीने प्रार्थना केली आणि प्रत्येकीची प्रसूती सुखरूप झाली. जिची प्रार्थना तशी फळाला आली नाही, तिची एकही साक्ष नसावी, याचे मला वाईट वाटले.

सोबतच्या ध्वनिमुद्रित प्रार्थना फारशा जमलेल्या नाहीत. संगीत मोठे आहे आणि निवेदन लांबट. अपवाद म्हणजे श्वासासोबत म्हणायची छोटी प्रार्थना. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतील जुन्या येशूप्रार्थनेवर ती आधारलेली आहे: श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता’ आणि सावकाश सोडताना ‘माझ्यावर दया कर’. तपासणीच्या टेबलावर ती माझ्या कामी आली. पतीसाठीचे पान एकच आहे, पण त्यात मरीयेचा पती योसेफ याला स्वप्नात दूताने ‘भिऊ नको’ म्हटले होते याची आठवण नेमकी साधली आहे.

एका सूचनेचा मात्र विशेष उल्लेख करायला हवा. वही एकटीने न वाचता मंडळीतील एखाद्या अनुभवी स्त्रीसोबत वाचावी, असे लेखिका सुचवतात आणि त्यासाठी लूकच्या पहिल्या अध्यायाकडे बोट दाखवतात. येशूची आई मरीया आपली वयस्क नातलग अलीशिबा हिच्याकडे गेली तेव्हा अलीशिबेचा सहावा महिना चालू होता, आणि मरीया तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली. ही जोडी कशी निवडावी याबद्दल वहीने अधिक लिहायला हवे होते, कारण प्रत्येक अनुभवी स्त्री ऐकून घेणारी असतेच असे नाही. स्वतःच्या अवघड बाळंतपणाच्या कहाण्या सांगत बसणारी सोबतीण भीती वाढवते.

ज्यांचा प्रभूवर विश्वास आहे, पण आपल्या भीतीविषयी मंडळीत बोलण्याची सोय ज्यांना वाटत नाही, त्यांना ही वही मी खात्रीने सुचवेन. विश्वास नसलेल्या किंवा नकोसा झालेल्या सुनेच्या हातात ती आग्रहाने ठेवू नये; तसे केल्यास कोरे पान हे तिला परीक्षेसारखे वाटेल. आणि वही प्रसूतीपाशीच संपते, ही उणीव पुढच्या आवृत्तीत दूर व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना, तर नुकत्याच प्रसूत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांसाठी, एका हाताने बाळ धरून वाचता येतील इतकी छोटी, आणखी काही पाने लेखिकांनी जोडावीत.