यूके केअर व्हिसाच्या नावाखाली ९,४०,००० गेले, पैसे भरायच्या आधी हे वाचा

बायकोला यूकेत केअररची (म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या देखभालीची) नोकरी लावतो म्हणून एका एजंटने आम्हाला फसवलं. हिशोब आधी सांगतो. फाइल उघडायचे ५०,०००, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचे (तिथली कंपनी नोकरीवर बोलावतेय याचा पुरावा, व्हिसाला लागतो) ६,५०,००० (सगळे कॅश, बायकोचं सोनं गहाण टाकून), माझ्या डिपेंडंट व्हिसाचे (नवरा म्हणून तिच्यासोबत जायला) २,४०,०००. बाकी गोड बोलणं, 'दोनच जागा उरल्यात' वगैरे तुम्हाला माहितीच आहे.

डोकं फिरतं ते या २,४०,००० वर. जानेवारी २०२५ ची गोष्ट. बायकोने त्याच्या तोंडावर विचारलं होतं की केअर वर्करला फॅमिली नेता येत नाही ना आता? बरोबर होतं तिचं, ११ मार्च २०२४ पासून बंद आहे. तर हा हसून म्हणतो, "वहिनी, ते साध्या केअर वर्करच्या नोकरी-कोडला, ६१३५ ला, तुमची फाइल सीनियर केअररची, ६१३६." आणि मी तिलाच म्हटलं, थांब गं, त्यांना कळतं. दोन्ही कोडला बंदी आहे हो! पण मला सांगा, जो माणूस तोंडपाठ कोड नंबर सांगतो तो खोटारडा वाटतो का कुणाला?

आणि 'चेक नाही केलं का' असं विचारूच नका. स्पॉन्सर लायसन्सवाल्या (बाहेरचे कामगार बोलवायचा परवाना असलेल्या) कंपन्यांची लिस्ट ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहे, त्यात मी स्वतः नाव बघितलं, होतं. कंपनी खरीच आहे, फक्त तिला आमचा पत्ताच नाही. शेवटी कंपनीच्या वेबसाइटवरच्या ईमेलवर विचारलं तर उत्तर आलं की तुमचा कुठला इंटरव्ह्यू झालाच नाही आणि सर्टिफिकेटवरचा नंबर आमचा नाही. मेल तिथेच करा, एजंटने दिलेल्या पत्त्यावर नाही. आम्हाला गोल शिक्का मारलेली पीडीएफ दिली होती, खरं सर्टिफिकेट म्हणजे सिस्टिममधली नोंद आणि तिचा नंबर, शिक्का कसला डोंबलाचा. सर्टिफिकेटची फी तेव्हा २३९ पौंड होती, तीही कंपनीने भरायची, ३१ डिसेंबर २०२४ पासून वर्करकडून घ्यायलाच बंदी.

उघड झाल्यावरही तो म्हणत होता 'व्हिसा टाका, निघेल'. टाकू नका! खोटे कागद पकडले गेले तर १० वर्षांचा बॅन लागू शकतो.

आता पोलीस. "तुम्ही राजीखुशीने दिले ना, मग हा दिवाणी वाद." अहो फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे, ते काय शोभेला? अर्ज घेतला, एफआयआर नाही, साहेब बंदोबस्तात, मग साहेबांची बदली, मग नवीन साहेब म्हणतात पहिल्यापासून सांगा. कॅशची पावती मागतात, चोर पावती देतो का? परदेशी नोकरभरती बघणाऱ्या कचेरीत गेलो तर म्हणे एजंट रजिस्टर्डच नाही, मग आम्ही लायसन्स कुणाचं रद्द करणार. म्हणजे रजिस्टर्ड असता तर कारवाई, बिनपरवाना म्हणून मोकळा! रजिस्टर्डवाल्याला ३०,००० अधिक जीएसटीच्या वर घेता येत नाही, सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर नाव बघा, नसेल तर उठून या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा, आमचे २,९०,००० ऑनलाइन होते पण तो पुढचे हप्ते दाखवून झुलवत राहिला आणि वेळ गेली.

यूकेत बाहेरून केअर वर्कर घेणं २२ जुलै २०२५ पासून बंद झालंय. तरी काल माझ्या मेहुण्याला त्याच एजंटचा मेसेज, 'यूके केअर, फॅमिलीसह, ८,००,०००'. स्क्रीनशॉट काढलाय, उद्या परत चौकीत जातोय.