हर्नियाचं ऑपरेशन: सोनोग्राफी पुरे की थ्रीडी सीटी?

मिरजेला हर्निया दाखवायला आलेल्यांचे नातेवाईक हमखास विचारतात, सीटी कशाला, सोनोग्राफीत भागणार नाही का? जांघेतल्या साध्या हर्नियाला बहुतेकदा डॉक्टरांचा हातच पुरतो. शंका असेल तर सोनोग्राफी. खर्च कमी, किरणोत्सर्ग नाही, आणि पेशंटला खोकायला लावलं की फुगवटा सरकताना दिसतो.

पण जुन्या ऑपरेशनच्या जागी पोटावर मोठा हर्निया आला असेल, तर सीटीचे पैसे वाचवू नका, असंच मी म्हणेन. थ्रीडी चित्रावरून पोटाच्या भिंतीतल्या भोकाची रुंदी, स्नायूंची अवस्था, आतडी बाहेर येऊन बसलेल्या पिशवीचं आकारमान मोजता येतं. पिशवी पोटाच्या पोकळीच्या साधारण २५ टक्क्यांहून मोठी असेल, तर आतडी एकदम आत ढकलणं धोक्याचं: दाब वाढून श्वास अडतो. अशा वेळी काही आठवडे आधी बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी स्नायू सैल करून घ्यायचे का, हे सर्जनला ठरवता येतं.