ट्राउटसाठी तीर्थन की काश्मीर? मुंबईहून निघणाऱ्याचा हिशोब

निवाडा आधी सांगतो, कारणं मागून. फ्लाय रॉड, म्हणजे फ्लायवर (पिसादोऱ्याच्या नकली किड्यावर) मासा गरवायची काठी, पहिल्यांदाच हातात येणार असेल आणि रजा मे महिन्यात किंवा दसऱ्याच्या सुमारास मिळत असेल, तर हिमाचलमधलं तीर्थन खोरं गाठा. कास्टिंग, म्हणजे फ्लाय फेकणं, बऱ्यापैकी जमत असेल, रजा सप्टेंबरात मिळत असेल आणि दिवसभर नेमून दिलेल्या एकाच पट्ट्यात राहायची तयारी असेल, तर काश्मीर. मुन्नार आणि निलगिरीचं नाव कुणीतरी काढतंच. त्यांचंही बघू, पण ओझरतं.

मढ, वर्सोवा, बँडस्टँडच्या खडकांवर भरतीची वेळ बघून गरवायला बसणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढं विमानभाडं घालून मासा केवढा मिळणार? खरं उत्तर त्यांना आवडत नाही. जंगलातल्या लहान नदीत पाव ते अर्धा किलोचा ट्राउट हा नेहमीचा. किलोभराचा लागला तर गावभर चर्चा. तेव्हा वजनाच्या हिशोबाने जायचं असेल तर दोन्हीकडे जाऊ नका, त्या पैशात ससून डॉकवरून महिनाभराची सुरमई येईल.

ट्राउट आपल्याकडे का नाही, हेही इथेच सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावरच उभी आहे. या माशाला गार, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. दहा ते सोळा अंशांत तो खूश असतो आणि पंचविशीच्या आसपास त्याचा जीव जायची वेळ येते. सह्याद्रीतल्या नद्या पावसावर जगतात आणि एप्रिलपर्यंत डबक्यांवर येतात, त्यामुळे तो विषयच नाही. हिमालयातही तो मूळचा नाहीच. काश्मीरला स्कॉटलंडहून अंडी आणून 1900 च्या सुमारास ब्राउन ट्राउट रुजवला गेला, हारवानला त्याची हॅचरी (अंड्यांतून पिल्लं काढायचं केंद्र) उभी राहिली आणि तिथूनच 1909 मध्ये तो कुलूला पोचला. त्यामुळे ‘काश्मीरचा ट्राउट भारी की हिमाचलचा’ या वादात दम नाही, घराणं एकच. फरक आहे तो पाण्यात आणि ते पाणी तुम्हाला कोणत्या महिन्यात कसं मिळतं यात.

आणि इथेच मुंबईकराचं गणित चुकतं. आपल्या रजा मुलांच्या शाळेला बांधलेल्या, म्हणजे मे महिना. पहलगामची लिडर कोलाहोईच्या बर्फावर वाहते. मे-जूनमध्ये ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी काचेसारखं असलेलं पाणी दुपारपर्यंत दुधाळ होऊन फुगतं. अशा पाण्यात फ्लाय टाकणं म्हणजे नुसता हाताला व्यायाम. माशाला ती दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत प्रवाहाने ती पुढे नेलेली असते. मे महिन्यातच काश्मीर करायचं असेल तर लिडरचा हट्ट सोडून कोकरनागकडच्या ब्रिंगी नदीचा बीट, म्हणजे नेमून दिलेला पट्टा, मागा. तिला झऱ्यांचं पाणी आहे. बर्फाच्या पुराचा त्रास तिथे कमी, पाणी स्वच्छ, तळातला गोटा न् गोटा मोजता येतो. अर्थात तुम्हाला तो दिसतो तसेच तुम्हीही माशाला दिसता.

तीर्थन ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत उगम पावते आणि लारजीजवळ बियासच्या खोऱ्यात उतरते. गुशैणीला तिला फलाचन मिळते. तिच्यावर धरणं, वीजप्रकल्प होऊ दिले नाहीत, त्यामुळे पात्र अजून नदीसारखंच आहे: डोंगराएवढे गोटे, त्यांच्या मागे शांत डोह, मध्येच गुडघाभर खळखळाट, काठावर ओणवलेली झाडं. इथेही मे महिन्यात दुपारी पाणी थोडं चढतं, पण सकाळचे चार-पाच तास बहुतेक हाती लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नदी चहाच्या रंगाची होते. त्या दोन महिन्यांत कुणी कितीही स्वस्तात खोली देऊ केली तरी घेऊ नका.

दोन्हीकडचं सगळ्यात देखणं पाणी गणपती विसर्जनानंतर मिळतं. पाऊस ओसरलेला, बर्फ वितळायचं थांबलेलं, नदी उतरलेली आणि थंडीआधी अंगावर चरबी चढवायला मासा दिवसभर खातोय. फक्त काश्मीरचा हंगाम साधारण सप्टेंबरअखेरीस आवरतो, तर हिमाचलचा ऑक्टोबर संपेपर्यंत चालतो. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटला बंदी, कारण तो अंडी घालायचा काळ. म्हणजे नवरात्रात किंवा दसऱ्याला जोडून रजा काढणाऱ्याला तीर्थनच उरतं. दिवाळी उशिरा येणाऱ्या वर्षी तर दोन्ही दारं बंद.

परवान्यात दोन्हीकडची रीत वेगळी आहे. काश्मीरमध्ये नद्यांचे बीट पाडलेले आहेत. मत्स्य खात्याकडून तुम्हाला अमुक दिवशी अमुक बीट मिळतो आणि त्या दिवशी तिथे मोजकेच रॉड असतात. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण तुमच्या पुढच्या डोहात कुणी आधीच दगड टाकून गेलेलं नसतं. पण तिची दुसरी बाजूही आहे. मागणीचे बीट आधीच जातात, आणि मिळालेल्या दिवशी पाऊस पडला, पाणी गढूळ झालं, की तो दिवस गेला. शेजारच्या ओढ्याकडे वळता येत नाही. तीर्थनला मत्स्य खात्याचा रोजचा परवाना निघतो, लॉजवाले काढून ठेवतात, आणि मग बंजारपासून वर गुशैणीपर्यंत जिथे काठावर उतरता येईल तिथे उतरा. नॅशनल पार्कच्या हद्दीत मात्र रॉड काढायचा नाही. दिवसाला सहा माशांची मर्यादा दोन्हीकडे आहे, आणि नवशिक्याला ती ओलांडायची धास्ती बाळगायचं कारण नाही.

आता कास्टिंग, कारण पैसे वाया जातात ते इथे. नेहमीच्या गळात वजन टोकाला असतं. शिसं फेकलं की दोरी मागून जाते. फ्लायला वजनच नसतं, वजन असतं जाड दोरीत, आणि ती दोरी हवेत मागे पूर्ण उलगडली तरच पुढे जाते. मोकळ्या मैदानात हे जमतं. तीर्थनच्या काठी तुमच्या पाठीमागे हातभर अंतरावर झाड असतं, आणि पहिल्या तासाभरात तुमच्या निम्म्या फ्लाय त्या झाडावर लटकलेल्या असतात. म्हणून रोल कास्ट घोटून जायचा: दोरी मागे उडवायचीच नाही, पाण्यावरून खेचत रॉड कानापर्यंत आणायचा, दोरीचं पोट खांद्यामागे लोंबू द्यायचं आणि मग घड्याळातल्या दहाच्या काट्यावर झटका देऊन थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. रॉड खाली नेत राहिलात तर दोरी पायाशी गोळा होते.

रोल कास्टला पाण्याची पकड लागते, गवतावर तो अर्धाच जमतो. पण साधा कास्ट शिवाजी पार्कात सकाळी सहाला, क्रिकेटवाले यायच्या आत, छान घोटता येतो. लीडरच्या (जाड दोरीपुढच्या बारीक दोऱ्याच्या) टोकाला फ्लायऐवजी लाल लोकरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बांधा. कुणाच्या डोळ्याला लागत नाही आणि कुठे पडला ते दिसतं. फिरायला आलेले आजोबा थांबून ‘पतंग का?’ विचारतात, त्याची तयारी ठेवा. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिथे कुणी सभासद ओळखीचा निघाला तर त्याच्यासोबत पाण्यावर हात साफ होईल. पवईत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात उतरून सराव करायचा मोह टाळा.

हा सराव झाला नसेल तरी तीर्थन माफ करते. नदी अरुंद आहे, पंधरा-वीस फुटांवर फ्लाय पडली तरी मासा असतोच. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा खालच्या अंगाने, वाकून, गोट्याआडून जवळ गेलात तर लांब फेकायची गरजच पडत नाही. ब्रिंगीच्या नितळ पाण्यात हे चालत नाही. तिथे लांबून, हलक्या हाताने, बारीक टिपेटवर (लीडरच्या शेवटच्या दोऱ्यावर) फ्लाय ठेवावी लागते. तिला हात नवखा आहे हे लगेच कळतं.

कोणती फ्लाय लावायची हे पेटीत बघून ठरवू नका. काठाजवळचा पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. त्याला वाळूच्या कणांची, काडीच्या तुकड्यांची बारीक नळकांडी चिकटलेली दिसतील, नखाने उकललं तर आत पिवळट अळी. ती कॅडिस. शेजारीच चपट्या, तीन शेपट्यांच्या, दगडावरून सरपटणाऱ्या दिसल्या तर मेफ्लायच्या अळ्या. ट्राउट दिवसातला बराचसा वेळ हेच खातो, म्हणून पाण्याखालून जाणारी तपकिरी फेझंट टेल किंवा हेअर्स इअर निम्फ (अळीसारखी दिसणारी फ्लाय) बांधली की दोन्ही नद्यांवर निभावतं. संध्याकाळी पाण्यावर फडफड दिसली तरच वर तरंगणारी कॅडिस फ्लाय. चार-पाच नंबरचा (हा नंबर दोरीच्या वजनाचा), आठ फुटांच्या आतला रॉड पुरे. चार तुकड्यांचा घेतलात तर बॅगेत मावतो. गळ आणि पकड चेक-इन सामानातच टाका, हातातल्या बॅगेतून काढून घेतात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून ठेवा. मासा सोडायला सोपं, आणि तुमच्या कानात घुसला तर डॉक्टर गाठावा लागत नाही.

प्रवासात काश्मीर सरळ जिंकतं. मुंबई-श्रीनगर थेट विमान, तिथून दोन-अडीच तासांत कोकरनाग किंवा पहलगाम. सकाळी अंधेरीतून निघालेला माणूस संध्याकाळी नदीवर. तीर्थनला चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे सहा-सात तास गाडी, नाहीतर दिल्लीहून मनालीची रात्रीची व्हॉल्वो धरून पहाटे तीर्थनच्या फाट्यावर, औटला उतरायचं. जाण्यायेण्यात दोन दिवस धरूनच चला. भुंतरला विमानतळ आहे, पण हवा बिघडली की तिथलं विमान रद्द होतं, त्यावर रजा टांगू नका. मंडी-कुलू रस्ता 2023 आणि 2025 च्या पावसाळ्यात खचून बंद पडला होता, तोही जुलै-ऑगस्ट टाळायला पुरेसा दाखला.

एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर घरात काश्मीरचा विषय काढणं सोपं राहिलेलं नाही, डोंबिवली-ठाण्याकडे तर नाहीच. त्यानंतर तिथली बरीच पर्यटनस्थळं बंद केली गेली आणि टप्प्याटप्प्याने उघडली. विमानाचं तिकीट काढण्याआधी तुमचा बीट खुला आहे का, हे श्रीनगरच्या मत्स्य खात्याकडून पक्कं करा. इथला प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतो. घरच्यांची काळजी ही मी नुसती सबब मानत नाही, ते खरं कारण आहे. ज्या सहलीत रोज रात्री फोनवर समजूत घालावी लागते, ती सहल तीर्थनला न्यावी.

कुटुंब सोबत असेल तर उलटा विचार करा. मासेमारीत रस नसलेल्या माणसाला पहलगाममध्ये दिवस कमी पडतो. तीर्थनमध्ये पुस्तक, धबधबा आणि जालोरी खिंड संपली की तिसऱ्या दिवशी ‘आता काय?’ सुरू होतं. रोपवेच्या टोपलीत बसून नदीपलीकडच्या घरी जायची गंमत लहान मुलांना पुरते, मोठ्यांना एकदाच.

दक्षिणेबद्दल दोन वाक्यं. मुन्नार आणि निलगिरीत रेनबो ट्राउट आहे, उटीजवळ अ‍ॅव्हलांचीची हॅचरी 1907 पासूनची, आणि मुंबईहून जायला दोन्ही सोपे. पण चांगले ओढे राष्ट्रीय उद्यानांत गेलेत, उरलेली मासेमारी बरीचशी तलावांवरची, आणि जंगलातली लहान नदी हे तुमचं स्वप्न असेल तर तलावाच्या काठावर ते पुरं होत नाही. ट्रेकर मंडळींनी उत्तरकाशीकडचं दोडीताल नकाशात बघून ठेवावं, पण तो ट्रेक आहे, सोबत थोडी मासेमारी.

जेवणाचं सांगायला हवं, नाहीतर तक्रार येईल. समुद्राच्या मासळीवर वाढलेल्या जिभेला ट्राउट सपक लागतो. दोन्हीकडे तो बहुधा मोहरीच्या तेलात तळून देतात, आणि ते तेल सोसत नसेल तर आदल्या रात्रीच सांगावं लागतं. पिशवीत कोकमाचं आगळ आणि घरचा मसाला टाकून न्या. तीर्थनमधल्या घरगुती लॉजांत स्वयंपाकघरात शिरू देतात. पहलगामच्या हॉटेलात खानसामा तोंड वाकडं करील, पण बक्षिसी दिली की तवा देतो.