गुहागर ते गणपतीपुळे सायकलने: किनारा की महामार्ग?

एका दिवसात गुहागरहून गणपतीपुळे गाठायचं तर दोन वाटा. एक पालशेत, हेदवीवरून तवसाळला जाते. तिथे सायकल फेरीबोटीत चढवून शास्त्री नदीची खाडी ओलांडायची, की जयगड. दुसरी चिपळूणला जाऊन मुंबई-गोवा महामार्गाने संगमेश्वर, मग निवळीवरून खाली.

महामार्गाचं अंतर दुपटीहून जास्त. चढ एकसारखे असतात, पंक्चरवालाही सापडतो. पण ट्रकच्या धुरात दिवसभर पॅडल मारण्यात मला तरी काही रस नाही.

किनाऱ्याची वाट छोटी, पण सोपी मुळीच नाही. खाडीशी उतरायचं आणि लगेच पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं, हे दिवसभर चालतं. उतारावर मिळवलेला वेग पऱ्ह्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, अरुंद पुलाशी संपतो आणि समोर खडी चढण. शिवाय कातळावर सावली नाही, म्हणून दोन बाटल्या पाणी हवंच आणि सड्यावरचा टप्पा दहाच्या आत उरकावा. हिवाळ्यात दुपारनंतर वारा बहुधा वायव्येकडून येतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. उलट दिशेने हाच वारा दमवतो.

वाटेत मालगुंडला, केशवसुतांच्या गावी, जरूर थांबा. पण फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून ठेवा. बोट चुकली की ऊन वाढतं, आणि जयगडनंतरची चढण तेव्हा खरंच जीव काढते. पावसाळ्यात मात्र मी दोन्ही वाटा टाळायला सांगेन.